मनाचे दुखणे सांगावे कुणाला?

कपाशीच्या शेतातून जाताना पायात काटा मोडला, तर मूल तेथेच खाली बसते आणि जवळच्या माणसाकडून काटा काढून घेते. ताप आला, तर न सांगताही आजीचा हात कपाळावर येतो. मनाच्या दुखण्याचे तसे नाही. त्याने अंग तापत नाही, ते डोळ्यांना दिसतही नाही. त्यामुळे घरातील माणसांना पुष्कळदा त्याचा पत्ता लागत नाही, आणि ज्याचे मन दुखते तोही ते कुणास सांगत नाही.

पूर्णा नदीच्या खोऱ्यात, अमरावती व अकोला जिल्ह्यांत, खारपाणपट्टा पसरलेला आहे. तेथील विहिरींचे पाणी खारे असल्यामुळे बहुतेक शेती पावसाच्या भरवशावर चालते. एखाद्या वर्षी पावसाने ओढ दिली की कपाशी आणि सोयाबीन हातचे जाते, कर्ज मात्र जागेवर राहते. अशा घरातील बारा वर्षांच्या मुलास कोणी काही सांगत नसले, तरी त्याला सारे कळत असते. वडील जेवताना बोलत नाहीत हे त्याला दिसते. आपल्या वह्यापुस्तकांच्या खर्चामुळेच हे संकट आले, अशी समजूत तो मनाशी करून घेतो. मग त्याची झोप उडते, वर्गात लक्ष लागत नाही, पोट दुखू लागते. शिक्षक म्हणतात, मुलगा आळशी झाला. वास्तविक तो आळशी झालेला नसतो. त्याच्या मनावर त्याला न पेलणारे ओझे आलेले असते.

दुःख शेतकऱ्याच्याच घरी येते असे नव्हे. शहरातील मुलीस परीक्षेची धास्ती वाटते, कुणाला वर्गातील मुले चिडवतात, कुणाच्या घरी मृत्यू झालेला असतो. चार दिवस उदास वाटणे स्वाभाविक आहे, आणि ते बहुधा आपोआप ओसरते. परंतु दोन आठवडे उलटूनही उदासी किंवा भीती जात नसेल, खेळावेसे वाटत नसेल, अन्न गोड लागत नसेल, तर ते दुखणे समजावे आणि मदत मागावी.

मदत मिळाली तर माणसे ती घेतात काय? याचे उत्तर अमरावती जिल्ह्यातच मिळाले आहे. तेथील 30 खेड्यांत ‘संगाथ’ या संस्थेने ‘विश्राम’ नावाचा उपक्रम चालविला. त्याची पाहणी 2017 साली प्रसिद्ध झाली. प्रारंभी, उदासीनतेच्या आजाराने त्रस्त असलेल्या 100 प्रौढ माणसांपैकी सुमारे 4 माणसेच उपचार घेत होती. बाकीची मुकाट्याने सोसत होती. या आजाराला नाव आहे आणि औषधही आहे, हे पुष्कळांना ठाऊकच नव्हते. मग प्रशिक्षण घेतलेले कार्यकर्ते गावोगाव लोकांना भेटू लागले. ते आजाराची लक्षणे समजावून देत आणि लोकांचे म्हणणे शांतपणे ऐकून घेत. गरज असेल त्यास समुपदेशक भेटे, आणि दुखणे अधिक असेल तर मनोविकारतज्ज्ञ डॉक्टर तपासत. अठरा महिन्यांनंतर 100 पैकी सुमारे 27 माणसे मदत घेऊ लागली होती. दुखणे तेच होते आणि गावेही तीच होती. विचारणारे कोणी तरी दारी आले, एवढाच फरक पडला होता.

मुलांच्या दारी असे कोणी येईलच, असे नाही. म्हणून मुलाने आपण होऊन बोलावे लागते. आई, वडील, आजी, मामा, मोठी बहीण, वर्गशिक्षिका, यांपैकी ज्याच्याजवळ बसल्यावर जिवाला बरे वाटते तो माणूस निवडावा. बोलणे अवघड असते, पण त्यासाठी मोठे शब्द लागत नाहीत. “माय, मले रातभर झोप येत नाही, लय भेव वाटते,” एवढे म्हटले तरी पुरे. तोंडाने बोलवत नसेल तर चिठ्ठी लिहून द्यावी. कधी कधी ऐकणारा हसतो, किंवा “काही होत नाही, अभ्यास कर” म्हणून विषय टाळतो. अशा वेळी दोष सांगणाऱ्याचा नसतो. त्याने दुसऱ्या माणसास सांगावे, आणि तेथेही कोणी ऐकले नाही तर तिसऱ्यास. घरातीलच कोणी इजा करीत असेल, तर शिक्षकांस सांगावे किंवा 1098 या क्रमांकावर दूरध्वनी करावा. मुलांसाठीच असलेल्या या सेवेचा आरंभ 1996 साली मुंबईत झाला. आता ती शासनामार्फत चालते.

10 ऑक्टोबर 2022 पासून देशात ‘टेली मानस’ ही सेवाही सुरू आहे. 14416 हा तिचा क्रमांक असून तेथे दिवसरात्र, विनामूल्य आणि मराठीत बोलता येते. अमरावतीचे जिल्हा सामान्य रुग्णालय, ज्याला लोक अजूनही ‘इर्विन’ म्हणतात, आणि अकोल्याचे सर्वोपचार रुग्णालय येथे मनाच्या आजारांवर उपचार होतात. शासकीय रुग्णालयांतून असे उपचार मिळणे हा 2017 च्या कायद्याने प्रत्येकाचा हक्क ठरला आहे. तेथे जाणाऱ्यास ‘वेडा’ म्हणणे हे केवळ अज्ञान होय.

समुपदेशकाजवळ गेल्यावर काय होते, याची मुलांना उगाच भीती वाटते. तेथे सुई टोचत नाहीत की परीक्षा घेत नाहीत. समुपदेशक झोप, जेवण, शाळा, घर यांविषयी विचारतो, आणि बहुतेक वेळ ऐकतच असतो. एका भेटीत सारे सुधारत नाही. पुन्हा पुन्हा जावे लागते. ऐकलेली गोष्ट तो गावभर करीत नाही. मात्र जिवाला धोका असेल, किंवा कोणी मुलास छळत असेल, तर रक्षणासाठी योग्य माणसांस सांगणे त्याला भाग असते. अठरा वर्षांखालील मुलाच्या उपचारांत आईवडिलांना किंवा पालकांना सामील करून घ्यावे लागते.

जगणेच नकोसे वाटू लागले, तर उद्याची वाट पाहू नये. एकटे राहू नये. त्याच क्षणी मोठ्या माणसाजवळ जाऊन बसावे आणि सांगावे. एखादा मित्र असे बोलला आणि “कुणाला सांगू नको” अशी शपथ त्याने घातली, तरी ती पाळू नये. तो मित्र रागावेल, कदाचित आठवडाभर बोलणारही नाही. तरीही त्याच दिवशी त्याच्या घरी किंवा शिक्षकांस कळवावे, आणि कोणी मोठे माणूस येईपर्यंत त्याच्याजवळ थांबावे.