सेक्टर कळला; शहर कोणतं?

चंडीगडात वाट चुकायची म्हटलं तरी चुकत नाही, असं आमच्याकडचे जाऊन आलेले लोक सांगतात. देवणीहून नांदेड, तिथून सचखंड एक्स्प्रेसनं दुसऱ्या दिवशी अंबाला, पुढं बस; इथवर सगळं सुरळीत झालं. उतरल्यावर रिक्षावाल्याला खोलीची पावती दाखवली. पत्ता सेक्टर 10. तो म्हणाला, "चंडीगढ़ वाला या पंचकूला वाला?" पावतीवर शहराचं नावच छापलेलं नव्हतं. लॉजवाल्याचा फोन लागेपर्यंत सामानासकट दोन्हीकडं फिरणं झालं, आणि भाडंही दुप्पट गेलं.

ही भानगड नीट समजून घ्या. फाळणीत लाहोर गेलं म्हणून पंजाबला नवी राजधानी हवी होती. ल कॉर्बुझिए यांनी ती आखली. 1966 साली हरियाणा वेगळा झाला, तेव्हा चंडीगड केंद्रशासित होऊन दोन्ही राज्यांची राजधानी राहिलं. लगत पंजाबचं मोहाली आणि हरियाणाचं पंचकुला वाढलं. पंचकुल्यात सेक्टर पुन्हा एकपासून सुरू होतात. म्हणून खोली ठरवतानाच शहर, सेक्टर आणि घर नंबर तिन्ही लिहून घ्या. 'शेजारच्या सेक्टरात आहे' म्हटलं म्हणून पायी निघू नका. एक सेक्टर साधारण 800 मीटर रुंद आणि 1200 मीटर लांब असतो. म्हातारी माणसं आणि लेकरं अर्ध्यातच बसतात.

बसस्टँडही दोन आहेत. हिमाचल-पंजाबकडं जायचं तर सेक्टर 43, हरियाणा-दिल्लीकडं सेक्टर 17. नुसतं 'बसस्टँड' म्हणून रिक्षात बसाल तर भलतीकडं पोहोचाल.

रॉक गार्डन, सुखना तलाव आणि कॅपिटॉल संकुल एकमेकांना लागून आहेत, ते एका दिवसात करा. कॅपिटॉल मात्र मनाला येईल तेव्हा बघता येत नाही. ठरलेल्या वेळी मार्गदर्शकासोबतच सोडतात, ओळखपत्र मागतात. सरकारी संग्रहालय सोमवारी बंद. रॉक गार्डन नेकचंद या रस्ते-निरीक्षकानं सरकारी जंगलात गुपचूप उभी केली. 1976 साली ती लोकांसाठी खुली झाली. फुटक्या बांगड्यांचे अंगरखे घातलेल्या बाहुल्यांच्या रांगा बघताना पायाखाली लक्ष असू द्या. वाट चढउताराची आहे, दरवाजे मुद्दाम बुटके ठेवलेत. गुडघे दुखणाऱ्यांनी काठी घ्यावी, उंच माणसानं डोकं सांभाळावं.

डिसेंबर-जानेवारीत जाऊ नका. धुक्यानं गाड्या तासन् तास रखडतात आणि आपल्याकडचा स्वेटर तिथं पुरत नाही. फेब्रुवारी-मार्च बरा. एक दिवस पिंजोरच्या मोगल बागेला द्या. औरंगजेबाच्या फिदाई खान या सरदारानं ती केली. पुढं कालक्याहून सिमल्याची 1903 सालची छोटी गाडी निघते, तिचं आरक्षण घरूनच करा.

जेवणाची सोय नसेल तर पंचकुल्याच्या नाडा साहिब गुरुद्वाऱ्यात लंगर आहे. 1688 च्या भंगाणीच्या लढाईनंतर गुरू गोविंदसिंग इथं थांबले होते. कुठून आलात विचारलं तर देवणी-लातूर सांगत बसू नका, 'नांदेड, हजूर साहिब' म्हणा. आम्ही म्हटलं तेव्हा वाढणाऱ्या सरदारजींनी आधी हात जोडले, मग दोन रोट्या जास्त घातल्या. वाट विचारायची तीही अशाच माणसाला विचारा. मात्र सेक्टरच्या आधी शहराचं नाव घ्या.