फरशीवरचे रंगाचे जुने डाग

प्रश्न : नारायण पेठेतल्या जुन्या इमारतीत आमचं घर आहे. बाहेरच्या खोलीत मोझॅक, स्वयंपाकघरात शहाबादी फरशी आणि नव्याने केलेल्या बाथरूममध्ये चकचकीत टाइल्स. दर वेळी दिवाळीच्या तोंडावर रंगकाम झालं, की भिंतीच्या कडेकडेने शिंतोडे उडायचे आणि ते तसेच राहायचे. आता ते दगडासारखे घट्ट झालेत. रंगारी म्हणतो, अ‍ॅसिड टाका, पाच मिनिटांत फरशी लख्ख होईल. टाकू का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : टाकू नका. मोझॅकवर आणि शहाबादीवर तर एक थेंबही नको.

शहाबादी म्हणजे चुनखडीचा दगड. पुणे-सोलापूर-वाडी या रेल्वेमार्गावरच्या शहाबादहून तो आपल्याकडे आला. त्याच पट्ट्यात सिमेंटचे मोठे कारखाने उभे राहिले, तेही या चुनखडीमुळेच. मोझॅकमध्ये सिमेंट असतं आणि त्यात बसवलेले संगमरवराचे तुकडे. म्हणजे पुन्हा चुनाच. बाथरूम धुवायला मिळणारं अ‍ॅसिड हे बहुधा हायड्रोक्लोरिक असतं. ते पडलं की फरशी फसफसते. तो फेस रंगाचा नसतो, दगडाचा असतो. ऑइल पेंट किंवा प्लास्टिक पेंट या अ‍ॅसिडने विरघळत नाही. डाग निघतो तो त्याच्याखालची फरशी खाल्ली गेल्यामुळे. मग तिथे खरखरीत, पांढुरका चट्टा उरतो. त्यात पुढे चहा, तेल, हळद जे सांडेल ते मुरतं. रंगाचा डाग आज ना उद्या काढता येतो, हा चट्टा पुसून जात नाही.

तुमचा रंगारी खोटं बोलतोय असं नाही. चुन्याचे आणि पांढऱ्या सिमेंटच्या लांबीचे ठिपके अ‍ॅसिडने खरोखर विरघळतात, आणि चकचकीत टाइलवर लगेच काही बिघडलेलंही दिसत नाही. त्यातूनच ही सवय पडते. पण त्या टाइलांच्या सांध्यांतही सिमेंटच असतं.

आता डाग कशाचा आहे ते ओळखू. औषधाच्या दुकानातलं स्पिरिट कापसावर घ्या आणि तो बोळा डागावर अर्धा मिनिट दाबून धरा. कापसाला रंग लागला, डाग चिकट झाला, तर तो डिस्टेंपर किंवा प्लास्टिक पेंट आहे. काहीच झालं नाही, तर बहुधा ऑइल पेंट. खिडक्या-दारांच्या चौकटींखाली सापडतात ते ठिपके बहुतेक हेच.

डिस्टेंपर आणि प्लास्टिक पेंटला घाई चालत नाही. गरम पाण्यात भांड्यांचा साबण कालवा, त्यात भिजवलेलं फडकं डागांवर पसरून ठेवा आणि ते वाळू देऊ नका. वीस-पंचवीस मिनिटांनी ठिपक्याची कड उचलू लागते. शहाबादीवर आणि मोझॅकवर लोखंडी पट्टी वापरू नका. चुनखडी मऊ असते, चटकन ओरखडते. जुन्या प्लास्टिकच्या कार्डाची कड किंवा लाकडाची चपटी काडी पुरते. उरलेल्या पातळ थराला स्पिरिटचा बोळा. बाथरूममधल्या टाइलवर मात्र पत्ती चालेल, पण टाइल ओली हवी आणि पत्ती अगदी आडवी धरलेली. कोरडी फिरवली तर करड्या रेघा उठतात. तारेची घासणी कुठेच नको. तिचे बारीक तुकडे सांध्यांत अडकतात आणि गंजाचे डाग पडतात.

ऑइल पेंटची गोष्ट वेगळी. तो नुसता वाळत नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन त्याचं आतून जाळं विणलं जातं. म्हणून ताजा डाग टर्पेंटाइनने जातो आणि जुन्या डागावर बाटलीभर ओतलं तरी तो ढिम्म राहतो. उलट शहाबादीत टर्पेंटाइनचा तेलकट डाग मुरायचा. इथे पेंट रिमूव्हरच हवा. बोहरी आळीत रंगाच्या दुकानांत मिळेल, पण डब्यावरचा मजकूर वाचल्याशिवाय घेऊ नका. मिथिलीन क्लोराइड किंवा डायक्लोरोमिथेन लिहिलेलं असेल तर परत ठेवा. बंद खोलीत त्याची वाफ जिवावर बेतू शकते; अमेरिकेने २०१९ मध्ये घरगुती वापरासाठी असले रिमूव्हर विकायला बंदी घातली. दुसऱ्या प्रकारचा घ्या आणि आधी कपाटाखालच्या एखाद्या टाइलवर लावून पाहा. डागापुरताच ब्रशने लावला, की रंग सुरकुततो आणि फुगून वर येतो. मग अलगद खरवडा आणि साबणाच्या पाण्याने दोनदा पुसा. खिडक्या उघड्या ठेवा, हातमोजे घाला, गॅस आणि देवापुढचा दिवा विझवलेला असू द्या.

एक गोष्ट मात्र मनापासून सांगतो, विशेषतः घरात रांगतं मूल असेल तर. घरगुती रंगांतल्या शिशाचं प्रमाण दर दहा लाख भागांत ९० भागांपर्यंत आणण्याचा नियम आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या, विशेषतः पिवळ्या, लाल आणि हिरव्या ऑइल पेंटमध्ये शिसं भरपूर असू शकतं. असे डाग कोरडे खरवडू नका आणि पॉलिश पेपरने घासू नका. ती धूळ मुलांच्या हातांवरून पोटात जाते. डाग ओला ठेवूनच काढा, खरवडलेला रंग ओल्या कागदात गुंडाळून टाका आणि झाडूऐवजी ओलं फडकं फिरवा.

एवढं करूनही मोझॅकच्या बारीक भोकांत रंग उरेलच. सगळी खोली साफ करायची असेल तर मशीन पॉलिश करून घ्या. त्यात वरचा थर घासला जातो आणि आत गेलेला रंगही त्याच्याबरोबर जातो. काम पाणी सोडत सोडतच करून घ्या. मात्र एखाद्या खोलीत जुन्या नक्षीच्या रंगीत सिमेंट टाइल्स असतील, तर तिथे मशीन लावू देऊ नका. त्या नक्षीचा थर पातळ असतो आणि तो घासला गेला तर तशी टाइल जुळवून मिळणं फार कठीण. तिथे चार ठिपके राहिले तरी राहू द्या.