शास्त्रपाठ : मृतांचे पुनरुत्थान आणि एका बहिणीचा प्रश्न

वाचनासाठी : १ करिंथ १५:३५-५८, १ थेस्सलनीका ४:१३-१८, योहान ११:१७-४४, २ मक्काबी १२:३८-४६, नहेम्या ५:१-१३



नोव्हेंबर महिना आपण आपल्या मृत आप्तांच्या स्मरणात घालवतो. २ तारखेला कबरस्थानात मेणबत्त्या लावतो, मिस्सासाठी नावांच्या चिठ्ठ्या देतो. शास्त्रवर्गात आम्ही करिंथकरांस पहिल्या पत्राचा पंधरावा अध्याय वाचायला घेतला, तेव्हा मागे बसलेल्या एका बहिणीने हळूच विचारले, "कर्जापायी ज्याने स्वतःच आपला जीव संपवला, तोही उठेल का?" वर्गात कोणी बोलेना. आपल्या बुलढाणा जिल्ह्यात हा प्रश्न नुसता पुस्तकातला नाही. जुलै २००६ मध्ये पंतप्रधानांनी विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले, त्यांत बुलढाणा होता. तो का होता, हे आपण सर्व जाणतो. म्हणून हा पाठ त्या बहिणीचा प्रश्न धरूनच लिहीत आहोत.

प्रथम पौल काय सांगतो ते पाहू. मेलेले कसे उठणार, कोणते शरीर घेऊन येणार, असे करिंथचे लोक विचारत होते. पौल त्यांना शेतात नेतो. तुम्ही पेरता ते पुढे येणारे रोप नसते, नुसता दाणा असतो, असे तो म्हणतो. त्याने गव्हाचे उदाहरण घेतले. आपण सरकीचे घेऊ. मृगाचा पाऊस पडला की काळ्या रानात सरकी डोबतात. चार-सहा दिवसांनी माती उकरून पाहिली तर टाकलेली सरकी सापडत नाही, तिची टरफले तेवढी दिसतात. दिवाळीच्या सुमारास त्याच जागी पांढरे फुटलेले बोंड असते. सरकी आणि बोंड दिसायला एक नाहीत. पण सरकीतून तूर कधी उगवली नाही. पौलाला हेच म्हणायचे आहे. उठणारा माणूस तोच असेल, त्याचे शरीर मात्र पालटलेले, नाश न पावणारे असेल. आत्मा तेवढा सुटतो आणि शरीर टाकून दिले जाते, अशी आपली श्रद्धा नाही. आत्मा दुसरा देह घेऊन पुन्हा जन्मतो, असे आपले शेजारी मानतात. त्यांच्या श्रद्धेचा आपण आदर करतो, पण इब्री लोकांस पत्रात (९:२७) मरण एकदाच येते असे सांगितले आहे. प्रेषितांचा श्रद्धांगीकार म्हणताना आपण शरीराचे पुनरुत्थान हे शब्द उच्चारतो ते म्हणूनच. ज्या हातांनी डवरणी केली, लेकरांना उचलले, ते हात देवाला टाकाऊ नाहीत.

थेस्सलनीकाचे पत्र याहून जुने, इसवी सन ५० च्या सुमाराचे. नव्या करारातले बहुधा सर्वांत जुने लिखाण हेच. तिथल्या लोकांना एक धास्ती होती : प्रभू परत येण्याआधीच आपली माणसे मेली, आता ती मागे राहिली का? पौल त्यांना सांगतो की जे ख्रिस्तात मेले ते आधी उठतील, मागे कोणी राहणार नाही. तो रडू नका असे म्हणत नाही. आशा नसलेल्यांसारखे रडू नका, एवढेच म्हणतो. लाजरच्या कबरेपाशी स्वतः प्रभू येशू रडला. मार्थाला शेवटल्या दिवशीचे पुनरुत्थान ठाऊक होते, ते तिने धड्यासारखे म्हणूनही दाखवले. प्रभूने तिचे बोट त्या दिवसावरून काढून स्वतःवर ठेवले : पुनरुत्थान म्हणजे मीच. तारणाचा प्रश्न अखेर येथे येऊन थांबतो, की मनुष्य कोणाच्या हातात आहे.

आता त्या बहिणीचा प्रश्न. आपले जीवन देवाचे दान आहे, आपण त्याचे मालक नसून कारभारी आहोत. म्हणून स्वतःचा जीव घेणे ही गंभीर चूक आहे, ही ख्रिस्तसभेची शिकवण बदललेली नाही. पूर्वी याचा अर्थ फार कठोरपणे लावला जाई. १९१७ च्या कायदेग्रंथात, जाणूनबुजून आत्महत्या करणाऱ्याने मरणापूर्वी पश्चात्तापाची काही खूण दाखवली नसेल, तर त्याला ख्रिस्ती दफनविधी नाकारला होता. आपल्यातल्या वृद्ध मंडळींच्या बोलण्यात तो काळ अजून डोकावतो. पण १९८३ च्या कायदेग्रंथात दफनविधी नाकारण्याच्या यादीतून आत्महत्येचा उल्लेख निघाला. १९९२ च्या कॅथोलिक धर्मशिक्षण ग्रंथात (क्रमांक २२८० ते २२८३) म्हटले आहे की मनाचा गंभीर आजार, यातना किंवा भीती यांमुळे माणसाची जबाबदारी कमी होऊ शकते, आणि अशांच्या तारणाची आशा आपण सोडू नये. त्यांना पश्चात्तापाची संधी देण्याचे मार्ग देवाला ठाऊक आहेत. ख्रिस्तसभा त्यांच्यासाठी प्रार्थना करते. तेव्हा दुःखाच्या घरी जाऊन "तो नरकात गेला" असे सांगणाऱ्याने कोणाच्या अधिकाराने सांगितले ते आधी पाहावे. त्याला न्यायाधीश नेमलेले नाही. अशा एका बोलण्यामुळे एक घर मिस्साला यायचे बंद झालेले आम्ही पाहिले आहे.

मृतांसाठी प्रार्थना का, याचे उत्तर मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकात आहे. युद्धात पडलेल्या आपल्या माणसांच्या अंगावर यहूदाला मूर्तींचे ताईत सापडले. ती माणसे पापात मेली होती. तरीही त्याने वर्गणी काढून चांदीची २,००० नाणी पापार्पणासाठी यरुशलेमला पाठवली, कारण ती उठतील अशी त्याला आशा होती. काहींनी विचारले की आमच्या घरच्या बायबलमध्ये हे पुस्तकच नाही. खरे आहे, ते ६६ पुस्तकांचे प्रोटेस्टंट बायबल असेल. कॅथोलिक बायबलमध्ये ७३ पुस्तके आहेत. जिल्ह्यातल्या अलायन्स चर्चच्या बांधवांशी आपले येणेजाणे आहे, त्यामुळे दोन्ही प्रती घरोघरी मिसळल्या आहेत. यावरून वाद नको, वर्गाला येताना कॅथोलिक प्रत आणावी.

राहिला येणाऱ्या राज्याचा विषय. जगाच्या अंताच्या तारखा सांगणारी पत्रके अधूनमधून आपल्या हातात पडतात. तो दिवस आणि ती घटका कोणालाच ठाऊक नाही, असे मार्कच्या तेराव्या अध्यायात प्रभूने स्वतः सांगितल्यावर त्या पत्रकांवर अधिक वेळ घालवण्याचे कारण नाही. मत्तयच्या पंचविसाव्या अध्यायातला राजा न्यायाच्या दिवशी तारीख विचारतच नाही. भुकेल्याला कोणी जेवू घातले, आजाऱ्याला कोण भेटायला गेले, हे विचारतो. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये हेच सांगितले : नव्या पृथ्वीची वाट पाहताना या पृथ्वीची काळजी कमी होता कामा नये, वाढावी.

नहेम्याचा पाचवा अध्याय तर आपल्याच तालुक्यात लिहिल्यासारखा वाटतो. दुष्काळ पडला, लोकांनी धान्यासाठी शेते, द्राक्षमळे आणि घरे गहाण टाकली, करासाठी कर्ज काढले, लेकरांना दास्यात दिले. सावकार परके नव्हते, त्यांचेच भाऊबंद होते. नहेम्या संतापला. त्याने सभा बोलावून सर्वांसमक्ष शेते परत करायला लावली, व्याज सोडायला लावले. राज्य येवो अशी प्रार्थना आपण रोज करतो. आपल्या वस्तीत कोणी चढ्या व्याजाने पैसे लावत असेल, तर त्यानेही ती करताना हा अध्याय आठवावा.

कोणाच्या घरी कर्जाचा किंवा मनाचा फार मोठा भार असेल, तर धर्मगुरूंकडे वा वर्गातल्या कोणाकडेही कोणत्याही वेळी यावे. शासनाच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे, मराठीत बोलता येते. घरात कोणी गप्प गप्प राहू लागले तर वाट न पाहता विचारावे.

त्या बहिणीने मिस्साच्या पेटीत नावाची चिठ्ठी टाकली आहे. ते नाव इतर नावांबरोबरच वाचले जाईल, वेगळे नाही. पुढील रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर नहेम्या ५ पुन्हा वाचू.