जुना हेडफोन आणि दोन हजार ओहम
(तृतीय वर्ष, ई अँड टीसी)

घरच्या माळ्यावर किंवा जुन्या बाजारात एखादा जुना हेडफोन सापडला की आपण काय करतो? कुठून तरी कन्व्हर्टर पैदा करून तो मोबाईलला लावून बघतो. आवाज अगदी बारीक येतो, एका बाजूने तर येतच नाही, आणि स्पंजचा पिवळा भुगा केसांत अडकतो. मग "गेलेला आहे" असा निकाल लागतो आणि तो भंगारात जातो. माझं म्हणणं एवढंच की या तीन लक्षणांवरून हेडफोन गेला असं अजिबात सिद्ध होत नाही. आधी मल्टीमीटर लावा, निकाल नंतर द्या.

उदाहरण म्हणून सेनहायझर कंपनीचा एचडी ४१४ घेऊ. हा १९६८ साली पश्चिम जर्मनीत बाजारात आला. तोपर्यंतचे बरेचसे स्टिरिओ हेडफोन म्हणजे कान गच्च बंद करणाऱ्या जड वाट्या, जवळजवळ हेल्मेटच. ४१४ने मागची बाजू उघडी ठेवली आणि कानावर नुसता स्पंज टेकवला. "ओपन" पद्धतीचा हा पहिला हेडफोन मानला जातो. एक कोटीच्या वर खपला, म्हणून आजही कुठे कुठे सापडतो.

आता मुख्य भानगड. याचा इम्पीडन्स आहे २००० ओहम! (इम्पीडन्सला मराठीत प्रतिबाधा म्हणतात. माझ्यासारख्या कॉन्व्हेंटवालीला हा शब्द तोंडात बसवायला दोन दिवस लागले. व्हायव्हात वापरू नका, एक्स्टर्नल घाबरतील.) आजचे इअरफोन साधारण १६ किंवा ३२ ओहमचे असतात. पॉवर म्हणजे व्होल्टेजचा वर्ग भागिले रेझिस्टन्स, हे फर्स्ट इयरला सगळ्यांनीच घोकलंय. मोबाईलने अर्धा व्होल्ट दिला असं धरा. ३२ ओहमला सुमारे ८ मिलिवॉट मिळतील आणि २००० ओहमला फक्त ०.१२५. म्हणजे साठाव्या भागाहूनही कमी, १८ डेसिबलचा फरक. आवाज बारीक येणारच. यात हेडफोनचा काय दोष?

मग त्या लोकांनी असा हेडफोन बनवला तरी का? कारण त्या काळच्या पुष्कळ अॅम्प्लिफायरमध्ये हेडफोनसाठी वेगळं सर्किट नसायचं. स्पीकरच्याच लाइनमध्ये एक सिरीज रेझिस्टर टाकून ती जॅकला जोडलेली असे. समजा तो ३३० ओहमचा आहे. व्होल्टेज डिव्हायडर मांडून बघा: ३२ ओहमच्या हेडफोनला जेमतेम ९ टक्के व्होल्टेज मिळतं, आपल्या दोन हजारवाल्याला ८६ टक्के. त्यामुळे हा जुन्या अॅम्पवर झकास वाजतो. ज्याचा जोडीदार त्यालाच लावावा. पुढच्या काही मॉडेलमध्ये ६०० ओहमची कॉइलही आली, म्हणून नावावर न जाता मोजलेलं बरं.

एवढा रेझिस्टन्स आणायचा तर कॉइलला केसापेक्षा बारीक तारेचे पुष्कळ वेढे घ्यावे लागतात. ती तार तुटली की खेळ खलास, कारण ती घरी गुंडाळता येत नाही. बाकी सगळं, म्हणजे केबल, प्लग, स्पंज, बदलता येतं. म्हणून आधी ड्रायव्हरची नाडी बघायची.

माझ्या मावशीचे यजमान सत्तरच्या दशकात ट्रेनिंगसाठी जर्मनीत होते, तेव्हा त्यांनी एक ४१४ आणला होता. एका दुकानदाराने तो न उघडताच "फेकून द्या" सांगितलं. काका आता पंचाहत्तरीच्या पुढे आहेत. हेडफोनला डावीकडून आवाज येत नव्हता, आणि त्यांनी मनाशी धरलं होतं की आपला डावा कानच गेला. घरात कुणाला बोलले नव्हते. यावर टेस्ट अगदी सोपी आहे, मीटरसुद्धा लागत नाही. मी त्यांना म्हटलं, "काका, जरा उलटा घाला." उलटा घातल्यावर शांतता उजव्या कानात गेली! दोष कानात असता तर ती डावीकडेच राहिली असती. काका बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "अजून एकदा लाव." (कान डॉक्टरांना दाखवून घ्या, हे मी तरीही सांगितलं. या टेस्टवरून दोन्ही कान ठणठणीत आहेत असं ठरत नाही.)

मग मीटर. उजवीकडे रीडिंग दोन हजारच्या आसपास, आणि प्रोब टेकवताना कानात हलकी टिक. डावीकडे ओपन. ४१४ची केबल दोन्ही बाजूंनी उपसता येते, ही मोठी सोय आहे. डावी पिन उपसून थेट ड्रायव्हरच्या सॉकेटवर प्रोब लावले तर तिथे रीडिंग आलं. म्हणजे ड्रायव्हर जिवंत, केबल मेलेली. केबल बहुतेक वेळा प्लगच्या तोंडाशीच तुटते, कारण तिथेच ती सारखी वाकते. तेवढा तुकडा कापून नवा प्लग लावला की झालं. फक्त एक अडचण आहे. आतल्या तारांवर अनेकदा लाखेसारखा पातळ थर असतो, त्यावर सोल्डर धरत नाही. टोक फ्लक्स लावून वितळलेल्या सोल्डरच्या थेंबात धरा, थर जळून जातो. खिडकी उघडी ठेवा, धूर वाईट असतो.

जुना प्लग फेकू नका. जर्मन सेटवर कधी कधी पाच पिनांचा, लुडोच्या फाशावरच्या पाचासारखा प्लग असतो. तो सरळ घातला तर स्पीकर चालू राहतात, १८० अंशांत फिरवून घातला तर बंद होतात. काय डोकं आहे!

स्पंज पॉलियुरेथेनचा असतो आणि दमट हवेत तो आपोआप कुजतो. कोकणातल्या मंडळींना जास्त सांगायला नको. भुगा काढताना वाटी तोंड खाली करून धरा आणि कोरड्या मऊ ब्रशने झाडा, म्हणजे कण आत पडत नाहीत. वर्कशॉपच्या टेबलावर तर हे काम मुळीच नको, लोखंडाचा कीस थेट मॅग्नेटकडे धावतो. नवा स्पंज मोठ्या छिद्रांचा, आरपार हवा जाणारा हवा. जाडी मूळ स्पंजाइतकीच ठेवा, कारण कान आणि ड्रायव्हर यांतलं अंतर बदललं की बेसही बदलतो.

जोडणी झाली की एखादं पन्नासच्या दशकातलं मोनो हिंदी गाणं लावा. आवाज डोक्याच्या बरोबर मधोमध आला पाहिजे. गायिका दोन्हीकडे पसरल्यासारखी, कुठेच नसल्यासारखी वाटली आणि बेस गायब झाला, तर एका बाजूच्या तारा उलट जोडल्या गेल्यात. आणि हो, हॉस्टेलवाल्यांनी लक्षात ठेवा: हेडफोन ओपन आहे, तुमचं गाणं रूममेटलाही ऐकू येतं.

शेवटी अॅम्प. वर्षानुवर्षं बंद असलेला अॅम्प थेट मेन्सला लावायचा नाही, सिरीज बोर्डवर लावायचा. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक. लख्ख पेटलेलाच राहिला तर आत शॉर्ट आहे. मग जॅकवर डीसी मोजा, हेडफोन न लावता. काही दहा मिलिव्होल्ट चालतात. आउटपुट ट्रान्झिस्टर शॉर्ट होऊन तिथे २० व्होल्ट डीसी आला तर ३३० ओहममधूनही कॉइलमध्ये सुमारे १५० मिलिवॉट सतत जळत राहतील, आणि पन्नास वर्षं टिकलेली तार तुमच्या डोळ्यांदेखत जाईल. सगळे कपॅसिटर सरसकट बदलायची फॅशन मला पटत नाही; फुगलेले, गळणारे किंवा मीटरवर नापास झालेले तेवढे बदला. पण हात घालण्याआधी मोठे कपॅसिटर रेझिस्टरमधून डिस्चार्ज करा, प्लग काढल्यावरही ते चार्ज धरून असतात. सिरीज बोर्ड नसेल तर लॅब असिस्टंट सरांना विचारून त्यांच्या समोरच बनवा. बल्ब मात्र जुना फिलामेंटचाच हवा, एलईडीवर ही टेस्ट होत नाही.