कासेतील श्वेत पेशींचे कार्य

भिवंडी तालुक्यातील तबेल्यांत पावसाळ्यात चिखल माजला म्हणजे म्हशींना काससुजी, म्हणजेच दगडी, होण्याचे भय वाढते. अशा दुधातील गुठळ्यांत मेलेल्या श्वेत पेशी पुष्कळ असतात. या पेशी रक्तातून कासेत उतरतात, जंतू गिळतात व आपल्या कणांत साठविलेली प्रथिने त्यांवर सोडतात. डिफेन्सिने जंतूचे आवरण भेदतात. लॅक्टोफेरिन त्याला लागणारे लोह हिरावून घेते. गाईच्या श्वेत पेशींतून १९९२ साली वेगळे केलेले इंडोलिसिडिन तर अवघ्या १३ अमिनो आम्लांचे आहे.

परंतु कासेत या पेशी जंतूंबरोबर दुधातील स्निग्धांश व केसीनही गिळतात आणि त्यांचे बळ व्यर्थ खर्ची पडते. नुकत्याच व्यालेल्या जनावरात त्या आधीच दुबळ्या असतात. म्हणून जंतूस सडाच्या तोंडाशीच अडविणे श्रेयस्कर.

धार काढल्यावर सडाचे छिद्र सुमारे अर्धा तास पुरते मिटत नाही. तेवढ्यात म्हैस शेणात बसली की जंतूंस वाट मिळते. यास्तव सड आयोडिनाच्या द्रावणात बुडवून लगेच पुढ्यात वैरण टाकावी. खाण्याच्या नादात जनावर उभे राहते. सगळी वैरण धारेआधीच घालण्याची चाल येथे उपयोगी नाही. पहिल्या धारा काळ्या फडक्यावर काढून पाहाव्यात. गुठळी दिसल्यास त्या म्हशीची धार सर्वांच्या शेवटी काढावी व पशुवैद्यास त्याच दिवशी बोलवावे.