वरोऱ्याचे बाबा आमटे

वाचकहो, मागच्या धड्यात आपण विहिरीच्या पाण्याविषयी वाचले. आज एका माणसाविषयी वाचू. त्यांचे नाव मुरलीधर देवीदास आमटे. सगळा मुलूख त्यांना बाबा आमटे म्हणे.

बाबांचा जन्म २६ डिसेंबर १९१४ रोजी वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे झाला. घर जमीनदाराचे. खायला-प्यायला, ल्यायला काही कमी नाही. ते शिकून वकील झाले आणि वरोऱ्याला वकिली करू लागले. वकिली चांगली चालली होती. पण मन रमेना.

एकदा पावसात त्यांना रस्त्याच्या कडेला एक माणूस पडलेला दिसला. त्याचे नाव तुळशीराम. कुष्ठरोगाने त्याची बोटे झडली होती, जखमांत किडे पडले होते. बाबा घाबरले आणि चक्क घरी पळाले. होय, पळाले! आम्ही हे मुद्दाम सांगतो. मोठी माणसे कधी भीतच नाहीत असे पुष्कळांना वाटते. पण घरी त्यांना स्वस्थ बसवेना. आपल्या बायकोला किंवा मुलाला हा रोग झाला असता तर आपण पळालो असतो का? ते परत गेले. तुळशीरामावर आडोसा केला, त्याला खाऊ घातले. तुळशीराम वाचला नाही, पण मरताना तो एकटा नव्हता.

मग बाबा कलकत्त्याला जाऊन या रोगाचे शिक्षण घेऊन आले. १९४९ साली त्यांनी महारोगी सेवा समिती काढली. सरकारने वरोऱ्याजवळ पडीक जमीन दिली. सगळा खडक आणि झुडपे, विंचू-साप उदंड. तिथे बाबा, त्यांच्या पत्नी साधनाताई, दोन लहान मुले आणि सहा रोगी राहायला गेले. जवळ एक लंगडी गाय आणि १४ रुपये. या जागेला त्यांनी नाव दिले आनंदवन!

आता हा रोग काय आहे ते नीट समजून घेऊ, कारण गावात याविषयी भलतेसलते बोलतात. कुष्ठरोग हा देवाचा कोप नाही, मागल्या जन्मीचे पापही नाही. तो जंतूपासून होतो. हान्सेन नावाच्या नॉर्वे देशातील डॉक्टरने १८७३ साली तो जंतू शोधून काढला. हा जंतू कातडी आणि नसा धरतो. नस मेली की तेवढा भाग बधिर होतो. बाई तव्यावरची भाकरी उलटते, बोट भाजते, पण तिला कळतच नाही. पायात काटा मोडतो, माणूस तसाच दोन कोस चालतो. जखम चिघळते, हाड सडते. बोटे जातात ती अशी. म्हणून बधिर पायाच्या माणसाने रोज रात्री दिव्यापाशी बसून तळपाय पाहावा, पाय पाण्यात भिजवून तेल लावावे, आणि मऊ तळाची चप्पल घातल्याशिवाय उंबऱ्याबाहेर जाऊ नये.

अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा असेल आणि तिथे टोचलेले कळत नसेल, तर लगेच आशाताईंना दाखवा किंवा सरकारी दवाखान्यात जा. गोळ्या फुकट मिळतात. सहा महिने किंवा बारा महिने घ्याव्या लागतात. मध्येच सोडायच्या नाहीत. गोळ्या सुरू झाल्या की थोड्याच दिवसांत त्या माणसापासून दुसऱ्याला रोग लागत नाही.

आनंदवनात औषध होतेच. पण रोग बरा झाला तरी वाकडी बोटे सरळ होत नाहीत, आणि गाव त्या माणसाला परत घेत नाही. मग त्याने काय भीक मागावी? बाबांचे म्हणणे असे की दान माणसाला दुबळे करते, काम त्याला उभे करते. त्या वाकड्या हातांनी विहिरी खणल्या, शेत पिकवले. पहिल्या पहिल्यांदा त्यांची भाजी वरोऱ्याच्या बाजारात कोणी घेईना. पुढे परदेशातील तरुण स्वयंसेवक आले, रोग्यांत राहिले, त्यांच्याबरोबर इमारती बांधल्या. ते पाहून वरोऱ्याची माणसे हळूहळू येऊ लागली. नंतर तिथे माग चालू झाले, सुतारकाम सुरू झाले. आंधळ्या आणि मुक्या-बहिऱ्या मुलांच्या शाळा निघाल्या. कॉलेजही निघाले, आणि ज्यांना गावाने हाकलले त्यांच्याच दारी गावची पोरे शिकायला आली!

साधनाताईंविषयी थोडे लिहितात, हे आम्हाला बरे वाटत नाही. त्या खडकावर त्यांनी चूल मांडली, मुले वाढवली, आणि सगळ्यांच्या आई झाल्या.

पुढे बाबांचाच कणा दुखावला. त्यांना बसता येईना. उभे राहायचे, नाही तर आडवे व्हायचे. तरी १९८५ साली, वयाच्या ७१ व्या वर्षी, तरुणांना सायकलींवर घेऊन ते गाडीत आडवे पडून कन्याकुमारीहून काश्मीरकडे निघाले.

२०१६ साली अपंगांसाठी नवा कायदा झाला. त्यात २१ प्रकारचे अपंगत्व मोजले आहे, आणि कुष्ठरोगातून बरा झालेला माणूसही त्यात आहे. अपंगत्व शेकडा ४० किंवा अधिक असल्याचा दाखला मिळाला, की नोकरीतील राखीव जागा आणि इतर सवलती मागता येतात. २०१९ साली आणखी एक चांगले झाले. नवऱ्याला किंवा बायकोला हा रोग आहे, एवढ्यावरून काडीमोड मागण्याची वाट कायद्याने बंद केली.

एक गोष्ट आमचीही सांगतो. आम्ही नवे मास्तर होतो. एका मुलाच्या बापाला हा रोग होता. चार पालक येऊन ओरडले, आणि आम्ही त्या मुलाला दाराशी वेगळे पोते टाकून बसवले. त्याने एक शब्द काढला नाही. दिवाळीनंतर तो शाळेत आलाच नाही. आम्ही त्याच्या घरी गेलो नाही.

बाबा ९ फेब्रुवारी २००८ रोजी वारले. त्यांना आनंदवनातच मातीत पुरले आहे. पुष्कळ वर्षांनी आम्ही तिथे गेलो होतो. एका म्हाताऱ्याने बोटे नसलेल्या दोन्ही हातांत कप धरून आमच्यापुढे चहा केला. तो आम्ही प्यालो.