दुखापत, चाहते आणि निवाड्याची घाई

इंग्लंडच्या प्रीमियर लीगचे बहुतेक सामने शनिवारी आणि रविवारी खेळले जातात, आणि भारतीय वेळेप्रमाणे ते संध्याकाळपासून रात्री उशिरापर्यंत चालत असल्यामुळे मुंबई, पुणे, कोल्हापूर आणि गोव्यातील अनेक घरांत सुट्टीचे दोन दिवस या सामन्यांभोवतीच आखले जातात. या दोन दिवसांत निकालांबरोबर दुखापतींची यादीही तयार होत असते. एखादा खेळाडू कोसळतो, पंच खेळ थांबवतात, स्ट्रेचर मागवले जाते, आणि डॉक्टर त्या खेळाडूपर्यंत पोहोचण्यापूर्वीच पडद्यासमोर बसलेल्या चाहत्याने दोन गोष्टी ठरवून टाकलेल्या असतात: दोष कोणाचा, आणि हा खेळाडू किती आठवड्यांत परतणार. गेल्या दोन-अडीच दशकांतील अनेक प्रसंग तपासले असता असे आढळते की हे दोन्ही अंदाज पुष्कळदा चुकतात, आणि त्या चुकीची किंमत ज्याच्यावर निवाडा लादला जातो त्या खेळाडूला मोजावी लागते. म्हणून चाहत्यांनी स्वतःच्या अनुभवातून काय शिकावे, आणि पुढच्या दुखापतीच्या वेळी कसे वागावे, याचा विचार येथे काही ठळक घटनांच्या आधारे केला आहे.

एकाच मैदानावरच्या दोन दुखापती

लिव्हरपूल शहरातील गुडिसन पार्क हे एव्हर्टन संघाचे जुने मैदान. 3 नोव्हेंबर 2019 रोजी, रविवारी, तेथे एव्हर्टन आणि टॉटनहॅम यांचा सामना चालू असताना टॉटनहॅमच्या सॉन ह्यूंग-मिनने मागून टॅकल केला, म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या ताब्यातील चेंडू काढून घेण्यासाठी पाय घातला, आणि तोल जाऊन पडणारा एव्हर्टनचा आंद्रे गोमेश टॉटनहॅमच्याच दुसऱ्या खेळाडूवर आदळून त्याच्या घोट्याचे हाड मोडले व सांधा निखळला. दृश्य इतके भयंकर होते की खुद्द सॉनला रडू आवरेना, आणि पंचांनी आधी दाखवलेले पिवळे कार्ड बदलून त्याला लाल कार्ड दाखवले. त्या क्षणी अनेकांनी दोन्ही निष्कर्ष एकदमच काढले, की सॉन गुन्हेगार आहे आणि गोमेशची कारकीर्द संपली आहे. प्रत्यक्षात इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने दोनच दिवसांत ते लाल कार्ड रद्द केले. टॅकल चुकीचा असला तरी झालेली इजा हा त्याचा सरळ आणि अपेक्षित परिणाम नव्हता; आणि गोमेश चार महिने पूर्ण होण्याआधीच फेब्रुवारी 2020 मध्ये पुन्हा खेळू लागला. या प्रसंगी सर्वांत समंजस वर्तन घडले ते जखमी खेळाडूच्या सहकाऱ्यांकडून. एव्हर्टनचा कर्णधार शेमस कोलमन, ज्याचा स्वतःचा पाय 2017 मध्ये आयर्लंडकडून खेळताना मोडला होता, तो प्रतिस्पर्ध्यांच्या ड्रेसिंग रूममध्ये जाऊन सॉनला धीर देऊन आला.

त्याच मैदानावर 17 ऑक्टोबर 2020 रोजी, शनिवारी, एव्हर्टन आणि लिव्हरपूल हे एकाच शहरातील दोन संघ एकमेकांसमोर आले. करोनाच्या साथीमुळे प्रेक्षागृह रिकामे होते, त्यामुळे चाहत्यांची सगळी प्रतिक्रिया पडद्यामार्फत उमटली. सामन्याच्या सुरुवातीलाच एव्हर्टनचा गोलरक्षक जॉर्डन पिकफर्ड लिव्हरपूलचा बचावपटू व्हर्जिल व्हॅन डाइक याच्या पायावर येऊन आदळला आणि व्हॅन डाइकच्या गुडघ्याचा अग्र क्रूसाकार अस्थिबंध दुखावला. मांडीचे हाड आणि नडगीचे हाड यांना गुडघ्याच्या आत जोडून ठेवणारा, आणि पाय अचानक वळवताना सांधा सरकू न देणारा जो तंतुमय पट्टा असतो, त्याला हे नाव आहे. क्रीडाक्षेत्रात तो इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘एसीएल’ म्हणून ओळखला जातो. पिकफर्डला त्या कृतीबद्दल कार्ड मिळाले नाही, याचा लिव्हरपूलच्या चाहत्यांना आलेला राग समजण्यासारखा होता, कारण टॅकल बेफिकीर होता हे त्रयस्थ जाणकारांनीही मान्य केले. परंतु तो राग पंचांच्या निर्णयावर थांबला नाही. पिकफर्डला जिवे मारण्याच्या धमक्या देण्यात आल्या आणि हे प्रकरण पोलिसांपर्यंत गेले. बेफिकिरीला नियमांत शिक्षा आहे, ती न झाल्यास जाब विचारण्याचे मार्गही आहेत. मात्र धमकी देणाऱ्या चाहत्याला टीकाकार म्हणता येत नाही, तो कायद्याच्या दृष्टीने आरोपी ठरतो. शिवाय अशा धमकीमुळे व्हॅन डाइकचा गुडघा एका दिवसानेही लवकर बरा होणार नव्हता.

न दिसणारी दुखापत

मोडलेले हाड निदान डोळ्यांना दिसते, पण डोक्याला बसलेला मार दिसत नाही, आणि चाहत्यांचा सर्वांत क्रूर अन्याय बहुधा याच ठिकाणी होतो. 26 मे 2018 रोजी, शनिवारी, कीव्ह येथे चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात लिव्हरपूलचा गोलरक्षक लोरिस कारियुस याने दोन ढोबळ चुका केल्या. एकदा त्याने हाताने फेकलेला चेंडू रेआल माद्रिदच्या करीम बेन्झेमाच्या पायाला लागून गोलजाळ्यात गेला आणि दुसऱ्यांदा गॅरेथ बेलचा लांबून मारलेला फटका त्याच्या हातांतून निसटला. रेआल माद्रिदने सामना 3-1 असा जिंकला, आणि कारियुस रडत प्रेक्षकांची क्षमा मागत असतानाच त्याच्यावर शिव्यांचा व धमक्यांचा वर्षाव सुरू झाला. काही दिवसांनी बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधील तज्ज्ञांनी त्याला तपासून जाहीर केले की त्या सामन्यात त्याला कन्कशन झाले होते आणि त्याचा त्याच्या खेळावर परिणाम झाला असण्याची शक्यता आहे. पहिली चूक होण्याच्या काही क्षण आधी रेआलच्या सर्जिओ रामोसचे कोपर त्याच्या डोक्याला लागलेले चित्रणात दिसत होते.

कन्कशन म्हणजे डोक्याला किंवा शरीराला बसलेल्या धक्क्याने मेंदूच्या कार्यात तात्पुरता बिघाड होणे. यात माणूस बेशुद्ध पडतोच असे नाही. तो उभा राहतो, बोलतो, खेळतोही, पण अंतराचा अंदाज, लक्ष, स्मरण आणि तोल यांत उणीव निर्माण होते, आणि याच अवस्थेत दुसरा मार बसल्यास धोका कितीतरी पटींनी वाढतो. म्हणूनच फुटबॉलचे नियम ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय मंडळाने 2021 पासून कन्कशनसाठी स्वतंत्र कायमस्वरूपी बदली खेळाडू घेण्याचा प्रयोग सुरू केला; डोक्याला मार बसल्याची शंका आली तरी त्या खेळाडूला बाहेर काढता यावे आणि संघाच्या नेहमीच्या बदल्यांतून ती बदली वजा होऊ नये, हा त्यामागचा हेतू आहे. तज्ज्ञांचा निष्कर्ष जाहीर झाल्यावरही अनेकांनी कारियुसच्या चुकांना ही सबब मानली नाही, आणि त्या सामन्यानंतर तो लिव्हरपूलकडून एकही स्पर्धात्मक सामना खेळला नाही. निदान हाती येण्यापूर्वी दिलेला निवाडा नंतरच्या माहितीने सहसा मागे घेतला जात नाही, ही या प्रसंगातील खरी धोक्याची सूचना आहे.

परतीची घाई

दुसरी चूक वेळेच्या बाबतीत होते. संघ हरू लागला की जखमी तारा लवकर परतावा अशी मागणी वाढते, आणि ज्यांनी ‘फँटसी’ संघ मांडलेला असतो, म्हणजे ठरावीक काल्पनिक रकमेत पंधरा खऱ्या खेळाडूंची निवड करून त्यांच्या कामगिरीवर गुण मिळवण्याचा खेळ जे खेळतात, त्यांच्या दृष्टीने तर दुखापत ही गुणांची तूट होऊन बसते. मोजणीची ही सवय लागली की मांडीच्या मागचा स्नायू फाटलेला माणूस नजरेआड होतो. दुखावलेल्या ऊतींना मात्र चाहत्यांची निकड कळत नाही. ब्राझीलचा रोनाल्डो नोव्हेंबर 1999 मध्ये गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाल्यानंतर 12 एप्रिल 2000 रोजी इटालियन चषकाच्या अंतिम फेरीच्या सामन्यात इंटर मिलानकडून बदली खेळाडू म्हणून उतरला आणि काही मिनिटांतच, कोणाचाही स्पर्श न होता, त्याच गुडघ्याची कंडरा पूर्णपणे तुटून खाली कोसळला. 2002 च्या विश्वचषकात आठ गोल करून त्याने ब्राझीलला विजेतेपद मिळवून दिले, हे खरे. पण दोन्ही घटनांच्या मधला दीर्घ आणि वेदनामय काळ चाहत्यांच्या आठवणीतून गळून पडतो.

याच्या उलट उदाहरण व्हॅन डाइकचे आहे. त्याच्या अनुपस्थितीत लिव्हरपूलचे आणखी दोन प्रमुख मध्य-बचावपटू त्या हंगामातून बाहेर गेले आणि मधल्या फळीतील खेळाडूंना बचावात उभे करावे लागले, तरीही त्याने परतीची घाई केली नाही, आणि मे 2021 मध्ये तर युरोपीय अजिंक्यपद स्पर्धेत नेदरलँड्सकडून न खेळण्याचा निर्णय स्वतःच जाहीर केला. एसीएलची पुनर्रचना झाल्यावर नऊ महिन्यांच्या आत स्पर्धात्मक खेळ सुरू केल्यास गुडघा पुन्हा दुखावण्याची शक्यता लक्षणीय वाढते, असे क्रीडावैद्यकाचे सांगणे आहे. ऑगस्ट 2021 मध्ये व्हॅन डाइक लीगमध्ये परतला आणि त्या हंगामात लिव्हरपूलने इंग्लंडचे दोन्ही देशांतर्गत चषक जिंकले. ज्या चाहत्यांना धीर धरता आला त्यांना आपला खेळाडू पूर्ण ताकदीने परत मिळाला.

जेथे चाहता उपयोगी पडतो

निवाड्यापलीकडे चाहत्याच्या हाती काय असते, याचे उत्तर 17 मार्च 2012 च्या शनिवारी लंडनच्या व्हाइट हार्ट लेन मैदानावर मिळाले. टॉटनहॅमविरुद्ध खेळताना बोल्टनचा फाब्रिस मुआम्बा कोणाचाही धक्का न लागता कोसळला, कारण त्याचे हृदय बंद पडले होते. प्रेक्षकांत बसलेले टॉटनहॅमचे चाहते आणि हृदयरोगतज्ज्ञ अँड्र्यू डीनर कर्मचाऱ्यांना विनंती करून मैदानात उतरले आणि उपचारांत सामील झाले. मुआम्बाचे हृदय 78 मिनिटे स्वतःहून धडधडले नव्हते, तरीही तो वाचला, कारण छातीदाब आणि विजेचे झटके देणारे उपकरण या दोन्ही गोष्टी पहिल्या क्षणापासून उपलब्ध होत्या. दोन्ही संघांच्या प्रेक्षकांनी त्याच्या नावाचा घोष केला आणि सामना रद्द झाल्याबद्दल कोणी तक्रार केली नाही. त्याच महिन्यात, अवघ्या काही दिवसांच्या अंतराने, बेंगळूरुच्या स्थानिक लीगमधील एक खेळाडू मैदानावर असाच कोसळला. तेथे रुग्णवाहिका नव्हती, त्याला रिक्षातून रुग्णालयात न्यावे लागले, आणि तो वाचला नाही.

गोव्याच्या चाहत्यांना बेंगळूरुचीच आणखी एक तारीख विसरता येत नाही. 5 डिसेंबर 2004 रोजी, रविवारी, फेडरेशन चषकाच्या अंतिम सामन्यात धेंपो संघाचा ब्राझिलियन आघाडीपटू क्रिस्तियानो ज्युनियर याने मोहन बागानविरुद्ध दोन्ही गोल केले, आणि दुसरा गोल करताना गोलरक्षक सुब्रत पाल याच्याशी टक्कर होऊन तो कोसळला व मरण पावला. धेंपोने त्याची दहा क्रमांकाची जर्सी कायमची निवृत्त केली. जेमतेम अठरा वर्षांच्या सुब्रतवर दोन महिन्यांची बंदी आली आणि लोकांच्या मनातील आरोपाचे ओझे त्याहून दीर्घकाळ त्याच्या खांद्यावर राहिले. पुढे तोच भारताचा प्रमुख गोलरक्षक झाला, 2011 च्या आशियाई चषकात त्याने नाव मिळवले आणि 2016 मध्ये त्याला अर्जुन पुरस्कार मिळाला. त्या वेळी मैदानावरील वैद्यकीय सज्जतेविषयी जे प्रश्न विचारले गेले, ते गोलरक्षकाच्या दोषाच्या चर्चेपेक्षा अधिक महत्त्वाचे होते, पण लोकांचा रोख बराच काळ माणसावरच राहिला.

चाहत्यांनी पाळावयाची पथ्ये

या अनुभवांवरून काही पथ्ये सांगता येतात. पहिले असे की संघाच्या डॉक्टरांचे अधिकृत निवेदन येईपर्यंत दुखापतीचे नाव, तिची तीव्रता आणि परतीची तारीख याबद्दल कोणताही ठाम दावा करू नये किंवा पुढे पाठवू नये, कारण अस्थिबंधाची नेमकी इजा एमआरआय तपासणीशिवाय डॉक्टरांनाही बहुधा निश्चित सांगता येत नाही. दुसरे, प्रतिस्पर्ध्याच्या कृतीवर नियमांच्या भाषेत जरूर टीका करावी, परंतु इजेच्या भीषणतेवरून हेतूचा अंदाज बांधू नये, आणि त्याच्या कुटुंबापर्यंत तर कधीच जाऊ नये. तिसरे, जखमी खेळाडू कोणत्याही संघाचा असला तरी त्याच्या पडण्याचा आनंद व्यक्त करू नये आणि त्याच्या वेदनेची चित्रफीत पसरवू नये. जून 2021 मध्ये कोपनहेगन येथे डेन्मार्कचा ख्रिश्चन एरिकसन सामन्यात कोसळला तेव्हा संघातील सहकाऱ्यांनी त्याच्याभोवती कडे करून त्याला कॅमेऱ्यांपासून झाकले, आणि प्रत्येक चाहत्याने तोच आदर्श ठेवावा. चौथे, डोक्याला मार बसलेल्या खेळाडूला बाहेर काढणाऱ्या प्रशिक्षकाला भेकड म्हणू नये.

पाचवे पथ्य सर्वांत महत्त्वाचे आहे आणि ते पडद्यापासून दूर, आपल्या गावच्या मैदानावर पाळायचे आहे. हृदयक्रिया बंद पडलेल्या माणसाला मदत मिळाली नाही तर प्रत्येक मिनिटागणिक त्याच्या वाचण्याची शक्यता सुमारे सात ते दहा टक्क्यांनी घटते. म्हणून खेळाडू धक्का न लागता कोसळला, हाक मारूनही प्रतिसाद देत नसला आणि नीट श्वास घेत नसला, तर 108 किंवा 112 क्रमांकावर तातडीने कळवावे, आणि छातीच्या मध्यभागी, पाच सेंटिमीटरपेक्षा थोडे अधिक खोल, मिनिटाला 100 ते 120 या गतीने दाब देत राहावे. हे तंत्र एका दिवसाच्या प्रशिक्षणात शिकता येते. कोल्हापूरच्या तालीम मंडळांपासून गोव्याच्या गावोगावच्या क्लबांपर्यंत ज्या ज्या ठिकाणी फुटबॉलवर मनापासून प्रेम केले जाते, तेथील चाहत्यांनी पुढच्या स्पर्धेपूर्वी आयोजकांना एवढेच विचारावे की मैदानाशेजारी रुग्णवाहिका आणि विद्युत्-झटका देणारे उपकरण आहे का, आणि ते चालवता येणारा माणूस सामन्याच्या वेळी हजर असेल का. उत्तर नकारार्थी असेल, तर व्यवस्था होईपर्यंत सामना सुरू करू देऊ नये.